बिघडलेली शुभेच्छापत्रे फेकू नका!



दिवाळी जवळ आली, नवे वर्ष आले किंवा शिक्षकदिन आला, की शाळाशाळांतून एक सूचना निघते : "स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र तयार करून आणा. उत्तम पत्रास बक्षीस." मग जाड कागद, रंग, डिंक आणि कात्री यांची जमवाजमव सुरू होते. कोणी भेंडीचे ठसे उमटवतो, कोणी बटाटा कोरून पणती छापतो, कोणी खोडरबरावर नक्षी कोरतो. ज्यांच्या घरी सोय असते ते बाजारातून तयार शिक्के आणि फुलापानांच्या आकारात कागद कापणारे पंच आणतात. ठरलेल्या दिवशी सारी पत्रे वर्गात दोरीवर टांगली जातात. चित्रकलेचे शिक्षक ती पाहतात, मुख्याध्यापक पाहतात. विज्ञानाचे शिक्षक मात्र सहसा त्या बाजूला फिरकत नाहीत. हा आपला विषय नव्हे, असे त्यांना वाटते.

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ठसा उमटवून आणि साच्याने कागद कापून केलेले शुभेच्छापत्र हा पदार्थविज्ञानाचा एक संपूर्ण प्रयोग आहे. त्यात मोजमाप आहे, अंदाज आहे, अंदाज चुकणे आहे आणि तो का चुकला याचा शोध घेणेही आहे. म्हणून शाळेने त्याला प्रयोगाचा मान द्यावा. आणि प्रयोगाचा मान द्यायचा, तर दोरीवर टांगलेल्या एका सुबक पत्रापेक्षा केराच्या टोपलीत गेलेली चार बिघडलेली पत्रे अधिक मोलाची ठरतात. हे विधान काहींना विचित्र वाटेल. म्हणून ते नीट उलगडून सांगतो.

हाताने कशाला?

आधी एक शंका दूर करू. छापील शुभेच्छापत्रांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मुळात शुभेच्छापत्र बाजारात आले तेच छापील रूपात. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशात कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली. ही योजना अमलात आणणाऱ्यांत हेन्री कोल नावाचे एक अधिकारी होते. टपाल स्वस्त झाले, तशी पत्रांची संख्या वाढली. नाताळात प्रत्येकाला वेगळे पत्र लिहीत बसायला कोल यांना सवड नव्हती. म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर छापून घेतल्या. रंग मात्र हातानेच भरले. किंमत ठेवली एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. टपालखर्चाच्या बारा पट! विक्रीसाठी छापलेले हे पहिले नाताळपत्र मानले जाते. आज भ्रमणध्वनीवरून एकच चित्र क्षणात शंभर जणांना पाठवता येते, हे पाहून कोल यांना आनंदच झाला असता.

मग हाताने पत्र करायचे कशाला? नेहमीचे उत्तर असे, की हाताने केलेल्या वस्तूत जिव्हाळा असतो. ते खरेच आहे. पण पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला आणखी एक उत्तर द्यावेसे वाटते. तयार वस्तू स्वतःविषयी फारसे बोलत नाही. तिच्या कडा सरळ असतात, रंग सारखा पसरलेला असतो, घडी बरोबर मध्यावर असते. हे सारे आपोआपच असे असते, अशी आपली समजूत होते. तीच वस्तू स्वतः करायला बसा. घडी मध्यावर का येत नाही, शाई का फुटते, कड का खरबरीत होते, असे प्रश्न एकामागून एक समोर येतात, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात कोठे ना कोठे असते.

कागदाची दिशा

पहिली गाठ पडते कागदाशी. ए-४ आकाराचा कागद घ्या. त्याची लांबी २९७ मि.मी. आणि रुंदी २१० मि.मी. असते. भागाकार करून पाहा. उत्तर सुमारे १.४१४ येईल, म्हणजे २ चे वर्गमूळ. असा कागद लांबीच्या मध्यावर दुमडला, की अर्ध्या कागदाच्या बाजूंचे गुणोत्तरही तेवढेच राहते. दुसऱ्या कोणत्याही आयताला हे साधत नाही. लिख्टेनबर्ग या जर्मन पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी १७८६ साली एका पत्रात ही गोष्ट लिहून ठेवली होती. पुढे १९२२ साली जर्मनीने याच गुणोत्तरावरून कागदाची प्रमाणित मापे ठरवली आणि आता ती बहुतेक देशांत रूढ आहेत. या मालिकेतील सर्वांत मोठ्या ए-० कागदाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर असते आणि ए-४ हा त्याचा सोळावा भाग. म्हणजे ए-४ चे सोळा कागद वजनकाट्यावर ठेवले, तर जितके ग्रॅम वजन भरेल तितका त्या कागदाचा 'जी.एस.एम.' असतो. दुकानदार ज्याला २०० जी.एस.एम. म्हणतो तो कागद खरोखर तसा आहे की नाही, हे तुम्ही घरी तपासू शकता. वहीचा पातळ कागद शुभेच्छापत्राला चालत नाही. २०० ते २५० जी.एस.एम.चा कागद उभा राहतो.

आता घडी. जाड कागदाला कधी सरळ, स्वच्छ घडी पडते, तर कधी घडीवर कागद तडकतो आणि कड केसाळ दिसते. कागद तोच, हात तोच, मग फरक कशाने पडला? कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंचा थर. कारखान्यात लगद्याचा पातळ द्रव सरकत्या जाळीवर सोडतात. नदीच्या प्रवाहात ओंडके जसे प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे बरेचसे तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती तंतूंच्या मधून जाते. आडवी घातली तर तंतू मोडावे लागतात.

ही दिशा ओळखायची कशी? पातळ कागदाचा ८ सें.मी. बाजूचा चौरस कापा. मूळ कागदाची लांबी कोणत्या बाजूने होती हे कळावे म्हणून त्यावर पेन्सिलीने बाण काढा आणि तो ताटातील पाण्यावर अलगद तरंगत ठेवा. काही क्षणांतच तो नळीसारखा वळू लागेल. त्या नळीची लांबी ज्या दिशेने असेल ती तंतूंची दिशा. पाणी प्यालेला तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला अधिक फुगतो. त्यामुळे ओली बाजू आडव्या दिशेने पसरते, वरची कोरडी बाजू पसरत नाही, आणि कागद वळतो. जाड कागदाची दिशा पाहायची असेल, तर तो आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूने घडी घाला.

हातकागदाने हाच प्रयोग केला, तर अशी एकच ठाम दिशा सहसा दिसत नाही. तिथे कारागीर चौकट लगद्यात बुडवून वर उचलतो आणि तंतू सर्व दिशांना पसरतात. जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागद एके काळी प्रसिद्ध होता, आणि पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने ही कला पुढे चालवली. दोन्ही कागद शेजारी शेजारी पाण्यावर ठेवून पाहा. दोन कारखान्यांतला फरक तुम्हांला ताटात दिसेल.

ठसा आणि आरसा

कागदानंतर ठसा. आपल्या भाषेतील 'शिक्कामोर्तब' हा शब्द तुम्ही कितीदा तरी वापरला असेल. जुन्या राजपत्रांवर वर शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करीत. म्हणजे पुढे कोणी त्यात भर घालू नये. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेचा ठसा तुम्ही चित्रांत पाहिला असेल. तो सरळ वाचता येतो. याचाच अर्थ मूळ धातूच्या शिक्क्यावर ती सारी अक्षरे उलटी कोरलेली असली पाहिजेत. कोरणाऱ्याला उलटी अक्षरे सरळ अक्षरांइतकीच सफाईने कोरता येत होती.

तुम्ही खोडरबरावर 'शुभ दिवाळी' कोरायला घ्या, म्हणजे या कामातील मेख कळेल. आरशातील प्रतिमेत डावे-उजवे बदलते हे पाठ असणारा विद्यार्थीही पहिल्या प्रयत्नात अक्षरे सरळच कोरतो आणि छापल्यावर ती उलटी येतात. देवनागरीत एक गंमत आणखी आहे. 'दि'ची पहिली वेलांटी आरशात पाहिली तर ती दुसऱ्या वेलांटीसारखी दिसते. म्हणजे ठशावर तिला अक्षराच्या उजवीकडे जागा द्यावी लागते. सोपी युक्ती अशी : मजकूर पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने लिहा, कागद खोडरबरावर पालथा घाला आणि मागून नखाने घासा. पेन्सिलीतील ग्रॅफाइट रबरावर उतरेल, तेही उलटे होऊन. कोरण्यापूर्वी रबर आरशासमोर धरा. आरशात जे दिसेल तेच कागदावर उमटेल. दोनदा उलटे केले की सरळ होते, हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करण्यापेक्षा असे एकदा हातून गेलेले बरे.

रबर या कामाला इतके चांगले का, याचाही विचार करा. कागद आपल्याला सपाट वाटतो, पण भिंगातून पाहिले तर त्यावर चढउतार असतात. लाकडाचा कडक ठसा उंचवट्यांवर टेकतो आणि खोलगट भाग कोरे राहतात. रबर दाबाखाली थोडे दबते आणि खोलगट भागांतही पोचते. मूळचे नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. त्यावर गंधक आणि उष्णता यांची प्रक्रिया करून ते टिकाऊ करण्याचे एकस्व चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत १८४४ साली मिळाले. कचेऱ्यांतील रबरी शिक्के आले ते त्यानंतर. लाकडी ठसाच वापरायचा असेल, तर कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा. ठसा दबत नसेल तर कागद दबेल.

भेंडी आणि बटाटा यांची गोष्ट वेगळी. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच कप्प्यांचे फूल मिळते. ते कोरावे लागत नाही. पण कापलेल्या पृष्ठभागावर तिचा चिकट रस असतो, बटाट्यावर पाणी असते. त्यावर पातळ जलरंग लावला, तर रंग आणखी पातळ होतो आणि कागदाच्या तंतूंमधील बारीक फटींतून केशाकर्षणाने लांबवर ओढला जातो. ठशाला मिशा फुटतात. म्हणून काप आधी फडक्याने टिपून घ्यावा आणि रंग दाट ठेवावा. गुळगुळीत कागदावर याच्या उलट घडते. रंग आत शिरत नाही, वरच राहतो आणि दाबला की कडेला सरकतो. मग ठसा मध्ये फिका आणि कडेला गडद दिसतो.

वजनकाट्यावरचा प्रयोग

"ठसा नीट दाब," असे आपण म्हणतो. पण नीट म्हणजे किती? येथे घरातील स्वयंपाकाचा वजनकाटा कामी येतो. काट्यावर एक लहान सपाट फळी ठेवा, तिच्यावर कागद ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता शाई लावलेला ठसा कागदावर ठेवून सरळ खाली दाबा आणि मित्राला आकडा वाचायला सांगा. प्रथम अर्धा किलो, मग १, २ आणि ४ किलो. प्रत्येक वेळी नवा कागद, पण शाई, ठसा आणि कागदाचा प्रकार तोच. काट्याच्या मर्यादेपलीकडे मात्र जाऊ नका.

आता थोडे गणित. २ किलोच्या आकड्याचा अर्थ सुमारे २० न्यूटन बल. ठशाचा उठावाचा भाग ४ चौ.सें.मी. असेल, तर दाब येतो चौरस मीटरला ५० हजार न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा. तुम्ही नक्षी अशी कोरलीत की उठावाच्या रेघा फक्त १ चौ.सें.मी. उरल्या, तर तेवढ्याच बलाने दाब चौपट होईल. म्हणूनच भरीव पणतीला हात जोराने दाबावा लागतो आणि बारीक रेघांच्या रांगोळीला तोच जोर जास्त होतो. ठशात भरीव भाग आणि बारीक रेघा शेजारी शेजारी असल्या तर एकाच दाबणीत दोन्ही साधणे कठीण. छापखान्यांतील कामगार अशा वेळी फिक्या भागाच्या मागे पातळ कागदाचे तुकडे चिकटवून तो भाग केसभर वर उचलीत. हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते. बिघडलेल्या प्रती समोर ठेवून ते शिकले होते.

कापणारा साचा

लग्नपत्रिकेवर गणपतीच्या आकाराची खिडकी कापलेली तुम्ही पाहिली असेल. हजार पत्रिकांवर ती खिडकी अगदी एकसारखी असते. हे काम कात्रीचे नव्हे, 'डाय'चे, म्हणजे कापणाऱ्या साच्याचे. प्लायवुडच्या फळीत हव्या त्या आकाराची फट पाडतात आणि तिच्यात धारदार पोलादी पट्टी वळवून बसवतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना स्पंजासारख्या रबराचे तुकडे चिकटवतात. यंत्र दाबले की रबर दबते, पाते कागदात शिरते. यंत्र उघडले की रबर फुगून कागदाला पात्यापासून ढकलून देते. जेथे कापायचे नसून घडीची खूण पाडायची असते, तेथे धारेऐवजी बोथट पट्टी बसवतात. घरी हेच काम शाई संपलेल्या बॉलपेनने आणि पट्टीने होते.

धार का कापते, याचे उत्तर पुन्हा दाबाच्या सूत्रात आहे. साच्याच्या पात्याची एकूण लांबी २० सें.मी. आणि धारेची जाडी ०.०५ मि.मी. धरू. म्हणजे कागदाला टेकणारे क्षेत्रफळ फक्त १० चौ.मि.मी. त्यावर १,००० न्यूटन बल दिले, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजार पट होतो. तेच बल ५ सें.मी. बाजूच्या चौरस ठशावर दिले, तर दाब जेमतेम चार पट. पहिल्या ठिकाणी कागद कापला जातो, दुसऱ्या ठिकाणी नुसती शाई उमटते. बल तेच आहे. ते किती जागेवर पसरले यावर सारे अवलंबून आहे.

असे साचे तुमच्या घरात फार पूर्वीपासून आहेत. मोठी पोळी लाटून वाटीच्या काठाने पुऱ्या पाडतात ना? ती वाटी म्हणजे साचाच. वाटीच्या काठाने पुरी कापली जाते, बुडाने दाबले तर कणीक नुसती चपटी होते. वजनकाट्यावर पाट ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. शंकरपाळ्यांचे कातणे तर याहून हुशार. ते चाक एका वेळी अगदी थोड्या जागी टेकते, म्हणून हलक्या हातानेही कापते. बाजारात मिळणारी हातचलाखीची छोटी डाय-यंत्रे याच तत्त्वावर चालतात. त्यांतील रूळ सारा साचा एकदम दाबत नाहीत, एक-एक पट्टा दाबत जातात.

कापण्याची दुसरी रीतही ओळखून ठेवा. कागदाला भोके पाडणाऱ्या पंचात एक दांडी एका छिद्रातून जेमतेम जाते आणि मधला कागद दोन कडांमध्ये कातरला जातो. इलेक्ट्रॉनिक तिकीट-यंत्रे येण्यापूर्वी एस.टी.चे कंडक्टर ज्या चिमट्याने तिकिटाला भोक पाडीत, तोही याच जातीचा. १८४० साली निघालेली टपालाची पहिली चिकट तिकिटे कात्रीने कापून वेगळी करावी लागत. इंग्लंडमध्ये १८५४ पासून त्यांच्या मध्ये भोकांच्या रांगा पाडून देऊ लागले, आणि कात्रीचे काम बोटांवर आले.

एक सूचना गंभीरपणे देतो. उघडे पाते, ब्लेड किंवा कापलेला पत्रा यांचे काम शिक्षक किंवा घरातील मोठी माणसे जवळ असतानाच करा. साच्याचे पाते कागद आणि बोट यांत फरक करीत नाही.

उत्तर किती यायला हवे?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. गुणपत्रिका उत्तम असते, सूत्रे तोंडपाठ असतात. पण लंबक हलवण्यापूर्वीच त्यांतील अनेक जण विचारतात, "सर, उत्तर किती यायला हवे?" उत्तर कळले की त्याला जुळणारी निरीक्षणे लिहिली जातात, न जुळणारी खोडली जातात. यात त्या मुलांचा दोष थोडा आहे. बिघडलेला प्रयोग म्हणजे वाया गेलेला प्रयोग, असे त्यांनी शाळेपासून पाहिलेले असते. प्रयोगवहीत एकही खाडाखोड चालत नाही. प्रदर्शनात फक्त चालणारी यंत्रे मांडली जातात. दोरीवर फक्त सुबक पत्रे टांगली जातात.

शुभेच्छापत्रात ही लबाडी चालत नाही. 'योग्य उत्तर' मागे छापलेले नसते. भेंडीच्या फुलाला मिशा फुटल्या तर त्या सर्वांना दिसतात. त्या का फुटल्या हे शोधल्याशिवाय पुढचे पत्र सुधारत नाही. आणि शोधायला फार साहित्यही लागत नाही. महागडा संच आणणारा विद्यार्थी आणि खोडरबर कोरणारा विद्यार्थी येथे एका पंक्तीला बसतात. उलट खोडरबरवाल्याला अधिक शिकायला मिळते, कारण संचात अडचणी आधीच सोडवून ठेवलेल्या असतात. आजच्या स्पर्धेत मात्र बक्षीस बहुधा चमकी, तयार शिक्के आणि घरच्या मोठ्या माणसांची सफाई यांनाच जाते. खोडरबरवाला मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो. मला ही गोष्ट खरोखर लागते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. स्पर्धेचा एकच नियम बदला. प्रत्येकाने एक चांगले पत्र आणि त्याआधीची निदान चार बिघडलेली पत्रे आणावीत. प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने चार ओळी असाव्यात. उदाहरणार्थ : "पत्र क्र. ३. कागद २०० जी.एस.एम., गुळगुळीत. ठसा खोडरबराचा, २ सें.मी. चौरस. भार २ किलो. अंदाज : ठसा पूर्ण उमटेल. घडले : मध्ये फिका, कडेला गडद. पुढे : शाई कमी, बाकी सर्व तेच." शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा प्राण आहे. शाई, कागद आणि भार तिन्ही एकदम बदलले आणि पत्र सुंदर आले, तरी ते कशाने आले हे कळत नाही. गुण द्यायचे ते या ओळींना द्यावेत.

यावर काही आक्षेप येतील. पहिला वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? पण दाब, परावर्तन, केशाकर्षण आणि मोजमाप हे धडे तुम्ही शिकवणारच आहात. त्यांतील एक तास फळ्याऐवजी वजनकाट्यावर घ्या, एवढेच मागणे आहे. दुसरा आक्षेप कलाशिक्षकांचा. आकडे आले की आनंद जाईल, असे त्यांना वाटेल. गायक तानपुरा जुळवतो तेव्हा गाण्याचा आनंद जात नाही. पणती कोठे असावी आणि कोणता रंग शोभेल, हे काटा सांगणार नाही. ते काम मुलांच्या नजरेचे आणि तुमच्या मार्गदर्शनाचे आहे. तिसरा आक्षेप असा, की यंत्रे आणि संगणकाने चालणारी कापणी उपलब्ध असताना मुलांना मागे कशाला न्यायचे? मागे नेऊ नकाच. यंत्र अवश्य आणा, पण हाताने चार पत्रे बिघडवल्यानंतर आणा. मग रुळांमधील अंतर कागदाच्या जाडीएवढे चुकले तर कापणी का फसते, हे मुले न सांगता ओळखतील.

आणि ही काही नवी कल्पना नाही. हात आणि बुद्धी यांचे शिक्षण एकत्र व्हावे, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' शिक्षणात आणण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना हातकामाचे असावेत, असे म्हटले आहे. धोरणे कमी पडलेली नाहीत. कमी पडते ते हातकामाकडे गंभीरपणे पाहणे. कार्यानुभवाचा तास गणिताच्या जादा तासासाठी उसना घेतला जातो आणि तो सहसा परत मिळत नाही.

मित्रांनो, शिक्षकांनी नियम बदलण्याची वाट तुम्ही पाहू नका. येत्या सणाला एक खोडरबर, एक भेंडी, सोळा कागद आणि घरचा वजनकाटा घेऊन बसा. प्रत्येक पत्रापूर्वी काय होईल ते लिहा, मग ठसा उमटवा. अंदाज चुकला तर खोडू नका. सर्वांत चांगले पत्र आजीला, शिक्षकांना किंवा दूरच्या मित्राला पाठवा. उरलेली सारी क्रमांक घालून, दोऱ्याने बांधून स्वतःजवळ ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र करायला बसाल तेव्हा आधी तीच वाचा.